मोगलीचे आजोबा : जॉन लॉकवुड किपलिंग

मोगली माहीत नाही असा प्राणी आपल्या होस्टेलवर सापडणार नाही. आपल्या आई-बाबांची पिढी तर नव्वदच्या दशकात दर रविवारी सकाळी त्याच्यासाठी दूरदर्शनसमोर ठाण मांडून बसायची. मोगली लिहिणारा रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला, हेही जनरल नॉलेजच्या पुस्तकात असतं. पण त्याचे वडील मुंबईत नेमकं करत काय होते? मी कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली, किपलिंग हे नाव असंख्य वेळा ऐकलं, पण हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही आणि मलाही पडला नाही. साहेब म्हटला की कलेक्टर नाहीतर कर्नल, एवढंच आपल्या डोक्यात असतं.

जॉन लॉकवुड किपलिंग यांपैकी कोणीच नव्हते. ते मातीकामाच्या धंद्यातून आले होते. कपबश्या, ताटं, फुलदाण्या बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर अप्रेंटिसशिप.

त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या पिकरिंग गावचा. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. मुलगा बोर्डिंग शाळेत वाढला. १८५१ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये जगातलं पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलं. लोखंड आणि काचेची प्रचंड इमारत, साठ लाख लोकांनी ते पाहिलं. त्यात लॉकवुडही होता, वय वर्षं चौदा. त्याच छताखाली भारतातून आलेलं कापड, धातुकाम, लाकडी कोरीवकाम मांडलेलं होतं. आणि तिथेच मिंटन कंपनीने आपली नवी रंगीत झिलईची भांडी पहिल्यांदा जगाला दाखवली. तिला त्यांनी मॅजोलिका असं नाव दिलं. प्रदर्शन पाहून आलेल्या मुलाने ठरवलं की आपण कारागिरीच्या धंद्यात जायचं. धर्मोपदेशकाच्या घरात हे कसं पचलं असेल याची कल्पना, घरी मेकॅनिकल सांगून फोटोग्राफीचं स्वप्न बघणाऱ्यांना आपोआप येईल!

तो गेला बर्सलेमला. स्टॅफर्डशायरमधली ही सहा गावं मिळून पुढे १९१० मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर झालं, पण त्याआधी शंभर वर्षांपासून सगळं जग त्या भागाला ‘पॉटरीज’ म्हणजे कुंभारवाडा म्हणूनच ओळखत होतं. माती तिथलीच, कोळसा तिथलाच. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या गल्लोगल्ली उभ्या आणि आकाश कायम काळं. प्रसिद्ध जोसाया वेजवुड याच बर्सलेमचा. लॉकवुड लागला तो पिंडर, बोर्न अँड होप या कंपनीत. (ही कंपनी पुढे डोल्टनच्या ताब्यात गेली.) दिवसा कारखाना आणि बाकीच्या वेळात स्टोकच्या आर्ट स्कूलमध्ये ड्रॉइंग, असा त्याचा दिनक्रम.

इथे थोडं मटेरियल सायन्स आलं. घाबरू नका, परीक्षेला नाही. आपल्या आठवडी बाजारात मिळणारा माठ घ्या. आव्यात भाजल्यावर माती कडक होते, पण तिच्यात बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी झिरपतं, बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. नगरच्या एप्रिलमध्ये लोडशेडिंग असेल तर हा माठ फ्रिजला हरवतो. पण त्याच मातीच्या ताटलीत कालवण वाढलं तर? रस्सा मातीत मुरणार, तेल बसणार, वास जाणार नाही. म्हणून भांड्याला काचेचा पातळ थर द्यायचा. हीच झिलई, म्हणजे ग्लेझ.

अडचण अशी की काच म्हणजे मुख्यतः सिलिका, आणि सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. एवढ्या आचेला साधं मातीचं भांडं केव्हाच वितळून बसेल. इथे शिसं कामाला येतं. शिशाचं ऑक्साइड सिलिकात मिसळलं की मिश्रण हजार अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही वितळून भांड्यावर मधासारखं पसरतं. याला आपण फ्लक्स म्हणतो. शिशाची झिलई नुसती सोपी नाही, ती देखणीही असते. खोल, ओलसर चमक. तांबं घातलं तर हिरवी, कोबाल्ट घातलं तर निळी, मँगनीज घातलं तर तपकिरी, लोखंड घातलं तर पिवळसर. युरोपात रोमन काळापासून ही युक्ती माहीत होती. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नार्ड पॅलिसी नावाच्या माणसाने झिलईचे प्रयोग करताना सरपण संपलं म्हणून घरातलं फर्निचर भट्टीत घातलं. नंतर त्याच्या ताटांवर जिवंत वाटणारे साप, मासे, बेडूक आले. (जेवायचं कसं हा प्रश्न वेगळा.) मिंटनची मॅजोलिका ही याच पॅलिसीच्या कामाची एकोणिसाव्या शतकातली नक्कल होती. मिंटनकडे ती तयार करणारा लिऑन आर्नू हाही फ्रेंचच.

एकदा भाजलेल्या, झिलई न दिलेल्या भांड्याला तिकडे ‘बिस्किट’ म्हणतात. ते शिशाच्या पांढऱ्या पातळ काल्यात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा भट्टीत घालायचं. बुडवणाऱ्या कामगाराला ‘डिपर’ म्हणत. दिवसभर कोपरापर्यंत हात शिशात. काही वर्षांत माणसाचं मनगट लुळं पडायचं, हात लोंबायचा. पोटात कळा, हिरड्यांवर निळी रेघ. कामावरच्या बायकांचे गर्भ पडायचे. यावर कडक नियम यायला एकोणिसावं शतक संपत आलं. आज म्युझियममध्ये काचेच्या कपाटात ठेवलेली जी हिरवीगार ताटं पाहून आपण वाहवा करतो, त्यांच्या झिलईत कोणाचं तरी मनगट गेलेलं आहे. आणखी एक गोष्ट. आंबट पदार्थ शिशाच्या झिलईत ठेवला तर शिसं सुटून अन्नात येतं. आपल्या आजीची लोणच्याची बरणी मात्र वेगळी असते. ती जास्त आचेवर भाजलेली, मूळ मातीच घट्ट झालेली, तिच्या झिलईला शिसं लागत नाही. तेव्हा घरून आलेलं लोणचं बिनधास्त खा.

लॉकवुडचं काम डिझाइनचं आणि मॉडेलिंगचं होतं, म्हणजे मातीत मूळ नमुना घडवायचा. पण कारखान्यात एकटा माणूस पूर्ण भांडं कधीच करत नाही. एक जण माती मळतो, दुसरा चाकावर बसतो, तिसरा कान जोडतो, चौथा छापतो, पाचवा बुडवतो, सहावा भट्टी लावतो. एकाला दुसऱ्याचं काम येत नाही. ही विभागणी हाच स्टॅफर्डशायरच्या स्वस्त मालाचा पाया होता. माझ्या मते लॉकवुड यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे. त्यांनी हा कारखाना आतून पाहिला होता.

नंतर ते लंडनला साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या इमारतीवर लागले. हेच आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. गॉडफ्रे साइक्स यांच्या हाताखाली भिंतींवरची टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची सजावट करण्याचं काम होतं. म्युझियमच्या अंगणातल्या भिंतीवर ते बांधणाऱ्यांची मिरवणूक दाखवलेली आहे, त्यात दाढीवाले लॉकवुडही दिसतात. बर्सलेममध्ये वेजवुडच्या स्मरणार्थ इन्स्टिट्यूट उभी राहायची होती, तिच्या दर्शनी भागाचं डिझाइन आर्किटेक्ट रॉबर्ट एडगर यांच्याबरोबर त्यांनी केलं. १८६३ मध्ये ग्लॅडस्टन यांनी तिची कोनशिला बसवली. तिच्या भिंतीवर वर्षाचे बारा महिने आणि कुंभारकामाच्या सगळ्या पायऱ्या भाजलेल्या मातीत दाखवल्या आहेत.

त्याच वर्षी एका सहलीत त्यांची ॲलिस मॅकडोनल्डशी भेट झाली. जागा होती रुडयार्ड लेक. सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्यावं, हे तळं नैसर्गिक नाही. कालव्याला पाणी पुरवायला बांधलेला तो जलाशय आहे. पुढे मुलाला त्यांनी त्याचंच नाव दिलं. म्हणजे आपल्याकडे कोणी भंडारदऱ्याला भेटले आणि मुलाचं नाव भंडारदरा ठेवलं, असा प्रकार!

मार्च १८६५ मध्ये लग्न, आणि लगेच मुंबईची बोट. सुएझ कालवा अजून व्हायचा होता. नोकरी मिळाली होती सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली होती. लॉकवुड यांच्याकडे इमारतींवरचं शिल्पकाम शिकवायचं होतं आणि त्यांचे मित्र जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे चित्रकला. मुंबईत पोचले तेव्हा शहराची अवस्था विचित्र होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध एप्रिल १८६५ मध्ये संपलं, भाव कोसळला, शेअर मातीमोल झाले आणि मोठमोठे शेठ बुडाले. पण किल्ल्याच्या भिंती पाडून नवी मुंबई बांधायचं काम सुरू झालं होतं, ते थांबलं नाही. या इमारतींना नक्षी हवी होती, आणि नक्षी करणारे हात जे. जे. मध्ये तयार होत होते.

३० डिसेंबर १८६५ ला शाळेच्या आवारातल्या बंगल्यात रुडयार्डचा जन्म झाला. तो बंगला आता नाही. त्या जागी नंतर बांधलेली इमारत आहे.

नगरहून मुंबईला जाणारे आपण सगळे क्रॉफर्ड मार्केटला एकदा तरी जातोच. आता ती महात्मा जोतिबा फुले मंडई. विल्यम इमर्सन या आर्किटेक्टने बांधलेली ही इमारत १८६९ मध्ये पुरी झाली. सीएसएमटीहून पायी पाच-सात मिनिटांवर, वाटेतच जे. जे. लागतं. तिच्या दरवाज्यांवर शेतकरी आणि बाजारकरी माणसांचे कोरीव पट्टे आहेत, आत एक कारंजं आहे. ते काम लॉकवुड यांचं. ग्रीक देव नाहीत, पऱ्या नाहीत. शेतात काम करणारी, ओझी वाहणारी माणसं आहेत. लंडनहून आलेल्या, तिशीच्या आसपासच्या मास्तराने मंडईच्या दारावर तिथे माल आणणाऱ्यालाच बसवलं, हे मला फार आवडतं. खाली ड्रायफ्रूटवाल्यांशी घासाघीस करण्याच्या नादात आपण मान वर करत नाही, तेवढी करा.

याच काळातली एक गोष्ट खास आपल्यासाठी. जवळच्या राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीच्या लोकांचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने घडवणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र हे पेशाने असिस्टंट इंजिनिअर होते! इंजिनिअरने मातीत हात घालायचा नाही, असा नियम तेव्हा नव्हता.

१८७० मध्ये सरकारने लॉकवुड यांना उत्तर हिंदुस्थानात पाठवलं. तिथल्या कारागिरांची त्यांनी कामावर बसलेल्या स्थितीत चित्रं काढायची होती. ही चित्रं आज लंडनच्या म्युझियममध्ये आहेत. लाकूड कोरणारा, विणकर, धातूचं काम करणारा, कुंभार. प्रत्येकाची बसायची पद्धत, हत्यार धरलेली बोटं, पायाने कसं दाबून धरलंय, सगळं त्यांत आहे. मला ही चित्रं वर्कशॉप जर्नलसारखी वाटतात. प्रोसेस समजलेल्या माणसानेच काढलेली.

आणि खरा पेच इथेच आहे. बर्सलेममध्ये सहा जणांच्या हातून होणारं काम इथे एकच कुंभार करत होता. माती आणणं, मळणं, चाक, थापी, आवा, रंग, सगळं त्याचंच. पोळ्याचे बैल करणारे आणि दिवाळीच्या पणत्या करणारे आपल्याकडचे कुंभार आजही असेच काम करतात. लॉकवुड यांना त्याची किंमत कळली. पण या कारागिरांच्या बाजाराला धक्का बसत होता तो त्यांच्याच देशातल्या कारखान्यांमुळे. मँचेस्टरच्या कापडाने विणकरांचं काय केलं हे आपण शाळेत शिकलो. स्टॅफर्डशायरची छापील फुलांची क्रॉकरीही बोटीतून येऊन इथल्या श्रीमंत घरांच्या फडताळात जाऊन बसत होती. जे सरकार तो माल आणत होतं, तेच सरकार कारागिरी टिकवायला लॉकवुड यांना पगार देत होतं. त्यांनी या गोष्टीविरुद्ध बंड वगैरे केलं नाही. अलाहाबादच्या ‘पायोनिअर’ मध्ये ते लिहीत, आणि इंग्रज राज्य हवंच याबद्दल त्यांना शंका नव्हती. भारतीय कारागिराबद्दल त्यांना प्रेम होतं, पण ते वडीलधाऱ्याच्या थाटाचं प्रेम होतं. हेही सांगायला हवं, नाहीतर आपण त्यांची आरतीच करत बसू.

जे. जे. मध्ये त्यांच्याच काळात आणखी एक प्रयोग सुरू झाला. जॉर्ज टेरी नावाच्या शिक्षकाने १८७० च्या दशकात झिलईदार भांड्यांची कार्यशाळा काढली. सिंधमधल्या हाला आणि पंजाबातल्या मुलतान इथे झिलईची जुनी परंपरा होती. सिंधच्या कामाचं वळण घेऊन इथे फुलदाण्या घडवल्या गेल्या. इकडे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्यातली नक्षी या भांड्यांवर उतरली. अजिंठ्याची आकृती, सिंधची झिलई, मुंबईची शाळा आणि गिऱ्हाईक इंग्रज. ही बॉम्बे पॉटरी युरोपातल्या प्रदर्शनांत गेली. नकलांचं नशीब मात्र खराब निघालं. लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी शंभराहून जास्त १८८५ मध्ये आगीत जळाल्या. भाजलेल्या मातीचा एक फायदा असतो, ती आगीतूनच आलेली असते.

घरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती वाचताना त्रास होतो. मुंबईतली इंग्रज मुलं हवेमुळे आजारी पडत, म्हणून त्यांना ‘होम’ ला पाठवायची रीत होती. १८७१ मध्ये सहा वर्षं पुरी न झालेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची त्याची बहीण ट्रिक्स यांना आईवडिलांनी साउथसी इथे एका अनोळखी कुटुंबात पैसे देऊन ठेवलं आणि नीट समजावून न सांगता दोघं मुंबईला परत आले. तिथे रुडयार्डचे फार हाल झाले. पाच-सहा वर्षं तो तिथे होता. आयाबरोबर मुंबईच्या बाजारात फिरणारा, हिंदुस्थानी भाषेत बडबडणारा मुलगा तो. होस्टेलला आल्यावर पहिल्या आठवड्यात रडलेल्यांनी (नावं घेत नाही) याचा विचार करावा. कारागिराच्या बोटांकडे एवढं बारकाईने पाहणाऱ्या बापाला आपल्या मुलाचं हे दिसलं नाही.

१८७५ मध्ये लॉकवुड लाहोरला गेले. मेयो स्कूल ऑफ आर्टचे पहिले प्रिन्सिपॉल आणि लाहोर म्युझियमचे क्युरेटर, अशी दोन्ही कामं. तिथे अठरा वर्षं. विद्यार्थ्यांना युरोपियन प्लास्टरच्या नमुन्यांऐवजी आजूबाजूच्या इमारती, सुतारकाम, नक्षी यांवरून शिकवायचं, ही त्यांची पद्धत तिथे पक्की झाली. सुताराच्या घरातून आलेला त्यांचा विद्यार्थी भाई रामसिंग मोठा आर्किटेक्ट झाला आणि राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसमधला दरबार हॉल त्याने सजवला. ती मेयो स्कूल आज नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स या नावाने चालू आहे. १८८४ पासून भारतीय कलेवरचं एक नियतकालिकही लॉकवुड यांनी चालवलं. भारतातल्या प्राण्यांवर त्यांचं स्वतःचं पुस्तक १८९१ मध्ये आलं. मोगलीचा लेखक अशा घरात वाढून तयार झाला, हे लक्षात घ्या! १८८२ मध्ये तो लाहोरला आईवडिलांकडे परत आला होता आणि तिथल्या वर्तमानपत्रात नोकरी करत होता. ‘किम’ कादंबरीच्या सुरुवातीला लामाला म्युझियम दाखवणारा पांढऱ्या दाढीचा क्युरेटर भेटतो, ते लॉकवुडच.

१८९३ मध्ये रिटायर होऊन ते इंग्लंडला विल्टशायरमधल्या टिस्बरी गावी राहायला गेले. मुलाच्या ‘जंगल बुक’ साठी त्यांनी चित्रं काढली. १९०१ ला ‘किम’ आली तेव्हा मात्र त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली. किम, लामा आणि बाकीची पात्रं त्यांनी मातीच्या सपाट पाट्यांवर उठावात घडवली, मग त्यांचे फोटो काढून ते पुस्तकात छापले. चौसष्टीच्या घरातला माणूस, बर्सलेम सोडून चाळीस वर्षं झालेली, आणि हात पुन्हा मातीत! रुडयार्डच्या पुस्तकांवर बरीच वर्षं एक मुद्रा असायची. हत्तीचं डोकं, सोंडेत कमळ आणि बाजूला स्वस्तिक. गणपतीवरून घेतलेली ही मुद्राही लॉकवुड यांनीच घडवली होती. नाझींनी स्वस्तिकाची वाट लावल्यावर ते चिन्ह पुस्तकांवरून काढून टाकण्यात आलं.

१९०७ मध्ये मुलाला साहित्याचं नोबेल मिळालेलं त्यांनी पाहिलं. नोव्हेंबर १९१० मध्ये ॲलिस गेली, आणि पाठोपाठ जानेवारी १९११ मध्ये लॉकवुड. दोघांना टिस्बरीच्या चर्चच्या आवारात पुरलं आहे.